मुळाशी घट्ट असेल तर

जे मुळाशी घट्ट आहे ते उपटायचं नसतं, वाचवायचं असतं, या तत्त्वावर डॉक्टरांनी सगळी हयात काढली होती. तत्त्व दातांबद्दलचं होतं. ते पटलेले बरेचसे पेशंट ठणका असह्य झाल्यावर समोरच्या दवाखान्यात जाऊन दात उपटून आले होते. गॅरेजमधला ट्रॅक्टर मात्र कुठे जाऊ शकत नव्हता.

बागेतलं गवत कापायचा तो बसका, लाल, म्हातारा ट्रॅक्टर रविवारी सकाळी ढकलत ढकलत अंगणात आणला गेला. फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. तो मेहुण्याने बोलावला होता. निकाल डॉक्टरीणबाईंनी आधीच देऊन ठेवला होता.

"सुरू झाला तर राहील. नाही झाला तर टेम्पोत. माझी गाडी किती दिवस बाहेर उन्हापावसात झिजवू?"

"भाऊजी, हट्ट सोडा," मेहुणा म्हणाला. "सन्मानाने निरोप देऊ त्याला."

"निरोप कसला? त्याचं फक्त तोंड खराब होतं."

तोंड त्यांनी खरंच साफ केलं होतं. कार्बोरेटरचं बारीक भोक दाताची नस काढायच्या सुईने कोरलं होतं. प्लगवरची काजळी खरवडली होती. गवत कापायच्या पात्याला तर अशी धार लावली होती, की ते दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मांडून ठेवलं होतं, आणि आल्यागेल्याला ते दाखवल्याशिवाय चहा मिळत नव्हता.

पण खरा अभिमान वेगळाच होता. आधीच्या कुणा मालकाने बसायच्या गादीखालच्या दोन तारा पिळून एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. असला जुगाड डॉक्टरांना बघवत नसे. काल संध्याकाळी त्यांनी तारा सोडवल्या, खाली गंजून पडलेलं मूळचं बटण घासूनपुसून जागच्या जागी बसवलं. ते बटण कशासाठी असतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मूळचं होतं, एवढं पुरे होतं.

डॉक्टर गादीवर बसले. चावी फिरवली. इंजिन खोकलं, काळ्या धुराचा गोळा मेहुण्याच्या शर्टावर सोडला, आणि धडधडायला लागलं. अंगणातल्या कुंड्या थरथरल्या. डॉक्टरीणबाईंचा कमरेवरचा हात खाली आला.

डॉक्टर दोन्ही हात पसरून सत्काराला उठले.

इंजिन बंद पडलं.

"हं," मेहुणा म्हणाला.

"टाकीतला कचरा आला असेल."

डॉक्टर पुन्हा बसले. इंजिन पुन्हा सुरू झालं. आवाज कसा लागलाय, हे वाकून ऐकायला ते उठले आणि ते पुन्हा बंद पडलं. या वेळी दोष कॉइलचा निघाला. तिसऱ्यांदा भंगारवाल्याला "या, या, जवळून बघा" म्हणायला ते ऐटीत उभे राहिले, तेव्हा दोष द्यायला एकही भाग उरला नव्हता.

भंगारवाल्याने दोर सोडायला घेतला. "डॉक्टरसाहेब, पुढून उचलू का मागून?"

डॉक्टर मटकन गादीवर बसले. सवयीने चावी फिरली. इंजिन सुरू झालं. आता उठून दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते बसून राहिले. इंजिन चालत राहिलं. भंगारवाल्याचा दोर सोडून झाला, तरी ते चालतच राहिलं.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या.

"अहो, उठा बघू."

"कशाला आता?"

"उठा तर."

ते उठले. इंजिन बंद.

"बसा. करा सुरू."

इंजिन सुरू.

"उठा."

बंद.

"इंजिनाला काही धाड भरलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही मिरवायला उठलात की ते मान टाकतं."

"म्हणजे बिघाड भाऊजींच्यातच होता!" मेहुणा हसत सुटला. भंगारवालाही तोंड फिरवून हसला.

डॉक्टरांनी गादीकडे पाहिलं. तळव्याने ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आत कुठेतरी टक् टक् वाजलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बटण चालतंय!"

"काय?"

"बटण! माणूस गादीवरून पडला तर ट्रॅक्टर तसाच पुढे जाऊ नये, म्हणून असतं ते! सगळ्यांनी मेलं म्हणून सोडून दिलेलं, मी जिवंत केलं! पाच वेळा बंद पाडलं त्याने, पाच वेळा! एकदाही चुकलं नाही!"

मेहुणा शर्टावरची काजळी झटकायला लागला. भंगारवाल्याने दोर गुंडाळला आणि टेम्पोत टाकला.

मग डॉक्टर ताठ बसून निघाले. कुंपणाच्या कडेने एक फेरी झाली, तिला चिकटून दुसरी, मग तिसरी. वळणावर ते मान वळवून मागे बघत नव्हते, आणि हात हलवतानाही बूड उचलत नव्हते. सबंध बाग त्यांनी पट्ट्यापट्ट्याने पालथी घातली.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर कधी न केलेलं कौतुक भावापाशी केलं. "हात सरळ आहे हो ह्यांचा."

"ते आहेच," मेहुण्याने मान्य केलं.

गवत चाकांखाली वाकत होतं, आणि ट्रॅक्टर पुढे गेला की पुन्हा उभं राहत होतं. पातं टीव्हीशेजारी होतं.