पारणं

खाद्याला लागणाऱ्या तारलीच्या भुकटीचा भाव चढला की हर्णैच्या सॅमन फार्मवर माशांना 'उपास' घडायचा. हेमांगी टाकीत औषध सोडायची आणि मासे भूकच विसरायचे. भाव उतरला की 'पारण्याचं' औषध टाकून त्यांना पुन्हा खायला लावायचं, एवढीच तिची नोकरी.

या खेपेला उपासाचे चार थेंब तिने घरी आणले. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई दिवसभर एकच विचारायच्या, "हेमा, तारलीचं कालवण कधी करशील गो?" गावची सगळी तारली माशांच्या खाद्यात जाते, हे त्यांना कोण सांगणार?

"आत्ता करते, आई. आधी पाणी प्या," म्हणत हेमांगीने थेंब घातलेलं पाणी पाजलं.

थोड्या वेळाने सासूबाईंनी ढेकर दिली. "पोट तुडुंब भरलं गो. अन्नदाता सुखी भव!"

त्यानंतर त्यांनी जेवण मागितलं नाही आणि हेमांगीने वाढलंही नाही. हाडंच उरलेले हात जोडून त्या रोज तोच आशीर्वाद देत राहिल्या.

तेराव्या दिवशी भाव उतरला. पारण्याची बाटली हेमांगीने शेवटच्या थेंबापर्यंत टाकीत ओतली. विक्रीआधी माशांनी वजन धरायला हवं होतं.

सासूबाई कुठे विकायच्या होत्या?