आचलची बोली

पुण्याच्या कंपनीची मुलाखत जवळ आली, तशी देवळीची आचल घरातही पुस्तकी मराठी बोलायला लागली होती. आज ती जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं 'डिलीट' करून बघत होती. गंमत म्हणून तिने 'आई' नावाचं ऑब्जेक्ट केलं आणि त्यात बोली लिहिली, वऱ्हाडी. त्या 'आई'वरून 'आचल' घडवली आणि तिला स्वतःची बोली दिली, पुणेरी. मग आचलची बोली डिलीट केली. आता तिथे काहीच उरलं नसणार, अशा खात्रीने तिने 'आचल'ची बोली विचारली, तर उत्तर आलं: वऱ्हाडी.

तिने पुन्हा डिलीट केलं. कॉम्प्युटर निमूटपणे 'ट्रू', म्हणजे 'झालं', म्हणाला, आणि बोली वऱ्हाडीच.

"आई वं, हे असं काऊन करून राह्यलं?"

शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या तिच्या आईने, सुलोचनाबाईंनी, मान वर केली. "काय झालं वं?"

"माह्यं मिटवलं, तं तुह्यं दिसून राह्यलं."

सुलोचनाबाईंनी पुढची शेंग हातात घेतली.

"मले तं आयकूबी येऊन राह्यलं."