तिसऱ्या फ्रिजमधला माणूस

चौथ्यांदा सिनेमा संपला, तरी तिसऱ्या फ्रिजमधून बाहेर आलेला माणूस कोण, हे बाबांना काही उमगेना.

सिनेमा मुलीचा होता. तिनं आणि तिच्या सहा मित्रांनी ओळखीच्या माणसाकडून मागून घेतलेल्या गॅरेजमध्ये तीन जुने फ्रिज ठेवून, पदरमोड करून तो बनवला होता. नायक एका फ्रिजमध्ये शिरतो आणि दुसऱ्यातून आदल्या दिवशी बाहेर पडतो. पुढे एका नायकाचे दोन होतात, दोनाचे तीन. गेल्या रविवारी सभागृहात दोनशे माणसांनी तो पाहिला आणि टाळ्यांचा कडकडाट केला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "काय खोली आहे!" जावई तर घरी येईपर्यंत वाटभर अर्थ समजावत होता. बाबा मान डोलावत राहिले. त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं.

एरवी त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी सिनेमाची गोष्ट समजेनाशी झाली, मग पुतण्यांची नावं आठवेनाशी झाली, शेवटी स्वतःचं घर ओळखू येईना. दादा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. बाबांना गेल्या महिन्यात सदुसष्ट पूर्ण झाली.

म्हणून रोज दुपारी ते खोलीचं दार लोटून मुलीनं दिलेली प्रत पुन्हा लावत. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस. झोपेच्या गोळ्या किती आल्या, किती गेल्या, हे जुळल्याशिवाय त्यांनी कधी दुकानाचं शटर ओढलं नव्हतं. तीच सवय त्यांनी इथे कामाला लावली. वहीत दोन रकाने पाडले. फ्रिजमध्ये कोण गेलं, फ्रिजमधून कोण आलं. आत जाणारे चार. बाहेर येणारे पाच. दर खेपेला तेच. एवढ्याशा गोष्टीचा मेळ लागत नाही, म्हणजे आपलं डोकं चाललं, अशी त्यांची खात्रीच पटली.

"अहो, सोपं तर आहे," चहा आणून ठेवताना आई म्हणाली. "काळ म्हणजेच माणूस, असं दाखवलंय तिनं."

म्हणजे हिलाही कळला. बाबांनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी मुलगी आली. तिनं चपला काढायच्या आत बाबा बोलून मोकळे झाले.

"मला डॉक्टरकडे घेऊन चल, बाळा. दादाचं झालं तसंच माझं होतंय. तुझा सिनेमा चारदा पाहिला. तो तिसऱ्या फ्रिजमधून बाहेर येतो ना, तो आत गेलेलाच मला दिसत नाही."

मुलगी जागच्या जागी थबकली. मग तिनं वही ओढून घेतली आणि दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. आणि मटकन खुर्चीत बसून ती हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"तो आत जातच नाही, बाबा. आत जायचा सीन शेवटच्या दिवशी घ्यायचा होता. आम्ही सकाळी पोचलो, तर गॅरेजच्या मालकानं तिन्ही फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकलेले. मग तसाच जोडला सिनेमा. रविवारी मी जीव मुठीत धरून बसले होते. म्हटलं, आता कोणीतरी विचारणार."

बाबांचा जीव भांड्यात पडला. रविवारपासून कोंडलेला श्वास त्यांनी एकदम सोडला, तो स्वयंपाकघरात आईला ऐकू गेला. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"पण मग बाकीच्यांना कळला कसा?"

"तेच तर," मुलगी म्हणाली. "दोनशे जणांनी पाहिला आणि सगळ्यांना कळला. तो कळणं शक्यच नाही, हे फक्त तुम्हाला कळलं."