उघडी भिंत

भिंत पांढरीशुभ्र होती.

श्रीशैल गळ्यात कॅमेरा अडकवून बिदरहून पहिल्या बसनं खटकचिंचोळीला आला होता, आणि आईच्या घरामागच्या भिंतीसमोर उभं राहून त्यानं कॅमेऱ्याचं काढलेलं झाकण परत लावलं. गेल्या आठवड्यापर्यंत ही भिंत काळ्या दगडांची होती. चिखलात रचलेली, एक दगड दुसऱ्यासारखा नाही, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. आता सगळ्या फटी शेणामातीनं लिंपलेल्या आणि वरून चुन्याचे दोन हात. शेजारी त्याची आई, बाणूबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती.

चूक त्याचीच. फोनवर त्यानं सांगितलं होतं, की मागच्या भिंतीचा फोटो मोठ्या लोकांना दाखवायचाय, तेवढ्या गोवऱ्या काढून ठेव. गोवऱ्या काढल्या होत्या. पण मोठी माणसं बघणार म्हटल्यावर ही बाई तेवढ्यावर थांबेल, असं ज्याला वाटलं त्याला आपली आई कळलीच नव्हती.

बिदरला त्याचं छोटं दुकान होतं, त्यात लेसरचं मशीन. एरवी त्यावर दारावरच्या पाट्या आणि बक्षिसाच्या ढाली कोरायचा. गुलबर्ग्याचे आर्किटेक्ट गिरिधर सर एका प्रदर्शनासाठी जुन्या गावाची प्रतिकृती करत होते. बेचाळीस घरं, एकेक काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी. त्यांच्या भिंती प्लायवर कोरून द्यायच्या. श्रीशैलनं कॉम्प्युटरवर दगड काढून तीन नमुने केले, तिन्ही नापास. ही भिंत नाही, बिस्किट आहे, सर म्हणाले. खऱ्या भिंतीवरून करा. आज चार वाजता ते शेवटचा नमुना बघायला येणार होते. नाही पटला तर काम हैदराबादला, आणि श्रीशैल पुन्हा पाट्यांवर.

फोटोत जिथं काळं असेल तिथं मशीन लाकूड जाळतं, पांढरं तसंच सोडतं. या भिंतीचा फोटो घातला तर प्लाय कोराच बाहेर येईल. त्यानं आईला हे समजावून पाहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की चांगली गुळगुळीत भिंत सोडून त्या लोकांना भोकाभोकाची कामून पाहिजे. त्यांच्यात चुना मिळत नाही का.

श्रीशैलचं डोकं फिरलं. सगळं खरवडून काढतो म्हणून त्यानं खुरपं उचललं. चुना अजून ओला होता आणि पार आढ्यापर्यंत मारलेला. एवढ्या वरचं कुणाकडून करून घेतलंस, त्यानं विचारलं. कुणाकडून कशाला, बाज उभी करून मीच चढले, ती म्हणाली. तिच्या बोटांना चुन्यानं चिरा पडल्या होत्या. त्यानं खुरपं खाली ठेवलं. तिचा भयंकर राग आला होता, आणि तो काढायला जागाच उरली नव्हती.

मग तो कॅमेरा घेऊन गल्लीभर फिरला. एका भिंतीवर सिमेंटची जाहिरात, दुसरीवर मोबाइलची, तिसरीला फरशा. गल्लीच्या टोकाला गुरप्पाचं घर होतं. सहा वर्षांपूर्वी गुरप्पा बायकापोरांना घेऊन पुण्याला बांधकामावर गेला, तेव्हापासून दाराला कुलूप. लिंपण गळून दगड न् दगड उघडा पडलेला. सकाळचं तिरपं ऊन प्रत्येक फटीत सावली पाडत होतं. अगदी हवी तशी भिंत.

बाणूबाई मागोमाग आलीच.

"ह्येचा फोटो काढायलास?"

"अशीच पाहिजे, अव्वा. आपली पन अशीच व्हती की. कामून लिंपलीस?"

"असली भिंत बघून लोक म्हनतील, हितं कुनी राहत न्हाई," ती म्हणाली. "मी हाय की अजून."

त्यानं पटापट दहाबारा फोटो काढले आणि साडेनऊची बस धरली.

चार वाजता गिरिधर सरांनी दुकानात गुरप्पाच्या भिंतीचा नमुना हातात घेतला. प्लायला अजून जळका वास येत होता. त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरला, फटींवरून नख फिरवलं. तीन वेळा नाक मुरडलेला माणूस पहिल्यांदा हसला. बेचाळीसही घरांना हीच भिंत लावा, म्हणाले.

"आता कसं," ते म्हणाले, "घर नांदतं वाटतं."