दोन्ही बाजू

पेर्ला दुमागित गावच्या परिषदेच्या सभागृहात शिरली तेव्हा बसायला एकही खुर्ची उरली नव्हती. सगळीकडे निळे टी-शर्ट बसले होते. पाठीवर छापलेलं होतं, 'बुलांगन लघु मच्छीमार महासंघ'. पेर्ला तीस वर्षं या किनाऱ्यावर मासळी सुकवत आली होती, बारा वर्षं इथल्या मच्छीमार संघटनेची अध्यक्ष होती. हा महासंघ तिने आज पहिल्यांदा पाहिला.

तिची चाळीस माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

प्रश्न एकच होता. किनाऱ्यालगतच्या पाण्यात तळ खरवडत जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरना बंदी होती, ती उठवायची की ठेवायची. ही बंदी पेर्लाच्या संघटनेनेच आणायला लावली होती, याच इमारतीच्या पायऱ्यांवर अकरा दिवस बसून.

आधी ती बोलली. ट्रॉलर येऊन गेला की खाली काय उरतं, ते तिने सांगितलं. गढूळ पाणी उरतं, आणि आमची फाटकी जाळी. सभापती विल्यारूस मान हलवत होते, टिपून घेत होते.

मग महासंघाचा माणूस उठला. तो बेर्तिंग होता.

संघटनेची गस्तीची होडी सहा वर्षं बेर्तिंगनेच चालवली होती. ट्रॉलरच्या अंगावर होडी घालायला तो कधी कचरला नव्हता. पेर्लाने त्याच्याकडे पाहिलं. तो सभापतींकडे पाहत राहिला.

"पाणी आमचं आहे," तो म्हणाला, "तर त्याचा निर्णयही आमचाच."

वाक्य पेर्लाचं होतं. वाक्यानंतर थांबायची पद्धतसुद्धा तिचीच. ट्रॉलर आले तर बर्फाचा कारखाना येईल, धक्का होईल, पोरांना कामासाठी मनिला गाठावं लागणार नाही, असं तो सांगत गेला. चांगलं बोलला. निळ्या टी-शर्टांनी टाळ्या वाजवल्या.

विल्यारूस यांनी पेन खाली ठेवलं. "इकडेही मच्छीमार, तिकडेही मच्छीमार. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

"डोकी मोजा की," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"यांच्यातल्या किती जणांकडे होडी आहे, तेवढं विचारा, साहेब," पेर्ला म्हणाली.

"मनांग पेर्ला," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं सभापती शांतपणे म्हणाले, "इथे बोलायला येणाऱ्याला मी होडी दाखव म्हणत नाही. पायऱ्यांवर तुम्ही बसला होता, तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं."

त्या अकरा दिवसांत पेर्लाबरोबर तीनचाकीवाले बसले होते, भाजीवाल्या बसल्या होत्या, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलीसुद्धा बसल्या होत्या. अर्ध्याअधिक लोकांनी जाळं हातात धरलेलं नव्हतं.

परिषदेच्या सदस्यांचं मतदान झालं. सहा विरुद्ध दोन. बंदी उठली.

बाहेर व्हरांड्यात महासंघाच्या लोकांना जेवणाची पाकिटं वाटत होते. बेर्तिंग एक पाकीट घेऊन तिच्यापाशी आला.

"घे, मनांग. सकाळपासून उभी आहेस."

तिने हात पुढे केला नाही. "तुझी होडी कुठंय?"

"विकली. पावसाळ्याआधीच."

"मग आत कुठल्या पाण्याबद्दल बोलत होतास?"

त्याने पाकीट कठड्यावर ठेवलं. "दहा जणं निवेदन घेऊन गेली तर चहासुद्धा मिळत नाही, शंभर जणं दारात बसली की कायदा होतो. हे कुणी शिकवलं मला?"

"माझी माणसं कुणी ट्रकमधून आणली नव्हती, बेर्तिंग."

"नव्हती. पण मत देणाऱ्याला वरून डोकीच दिसतात. कुणाचं पोट जळत होतं आणि कुणाला बोलावून आणलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं नाही, आजही कळलं नाही. माझ्या घरात पाच तोंडं आहेत. तुझी संघटना मला भाषण देत होती. ट्रॉलरवाल्यांनी काम दिलं."



इतक्यात सभापतींचा फोटोग्राफर धावत आला. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचा एकत्र फोटो हवा होता, गावच्या फेसबुक पानावर टाकायला. विल्यारूस दोघांच्या मधे येऊन उभे राहिले, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून. "सगळ्यांचं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "गाव असं चालायला हवं." बेर्तिंगने मान खाली घातली. फोटोग्राफरने त्याला दोनदा सांगितलं, इकडे बघा. पेर्लाला सांगावं लागलं नाही. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

फोटोखाली पहिल्याच दिवशी हजारभर लोकांनी हृदयं टाकली.

चौथ्या दिवशी पहाटे ती मासळीची सुपं पसरायला किनाऱ्यावर आली. एरवी ट्रॉलर म्हणजे क्षितिजावरचे दिवे. आज समोर एक उभा होता. त्याच्या अंगावर रंगवलेलं नाव तिला वाळूत उभ्या उभ्या वाचता आलं.