मागच्या सीटखालचा पंखा

बशीरभाईंनी हायब्रिड गाडीच्या मागच्या सीटखालची बॅटरी उघडली आणि तिच्या पंख्यातून केसांचा गुंता ओढून काढला. "वहिनी, यानेच वारा अडला आणि बॅटरी तापून तापून बसली. मेलेले सेल बदलतो, बाकीचे अजून चालतील. पण हवा आत ओढणाऱ्या या जाळीशी डोकं ठेवून कोणीतरी नेहमी झोपत असणार."

धुळीने माखलेले ते केस हातभर लांब होते. शैलजाचे तर कानाच्याही वर होते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, जयवंतला, गाडी झाडायची खोडच लागली होती. घरी आलं की तिला आधी वर पाठवायचा आणि आपण मागची सीट पुसत बसायचा. विचारलं तर म्हणायचा, धूळ फार बसते.

"कोणाचे असतील हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते मी कसं सांगणार?" बशीरभाईंनी नजर वळवली. म्हणजे यांनाही माहीत होतं तर.

त्यांनी हवेचा पाइप मारला तशी धूळ उडाली. तिने एक केस उजेडात धरला. मेंदीने तांबूस झालेला, मुळाशी पांढरा.

त्याच वर्षी केमोथेरपी घेऊन परतताना ती याच सीटवर, याच बाजूला डोकं टेकून पडायची. उतरताना मागे वळून पाहू लागली की जयवंत मध्ये यायचा. "तू हो पुढे."

तिने गुंता पर्समध्ये ठेवला.

"गाडी न्यायला जयवंत येईल," ती म्हणाली. "काय निघालं असं विचारलं, तर सांगा, धूळ फार होती."