नावाचं शेपूट

"रिपोर्टमध्ये काय आलंय, ते सांगशील का एकदा?" चित्रकाराने पेन्सिल खाली ठेवली.

"सांगितलं की. दोघंही ठणठणीत." बायकोने भिंगावरची मान वर केली नाही.

ती वनस्पतिशास्त्रज्ञ. कड्याकपारींतून नवी रोपं शोधून आणायची; तो त्यांची चित्रं काढायचा. सारा संसार असा समोरासमोरच्या दोन टेबलांवर झालेला. रक्तही जोडीनंच तपासलं. त्याची पाठ धरली म्हणून डॉक्टरकडे गेले, तर ही म्हणाली, "आलेच आहे, तर माझंही बघा." रिपोर्ट आणायला मात्र ती एकटीच गेली. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. न्हाणीघराचं दार लावून घ्यायची, आणि आत नळ उगाच वाहत राहायचा.

"माझ्यापासून लपवतेस?"

"तुझ्यापासून काय लपणार बाबा? पाकळीवरची लव मोजणारा माणूस तू."

"मग नीट जेव की."

"तूच जेव. असाच वाळत गेलास, तर रोपांसारखं कागदावर चिकटवून टाकीन."

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसताच उठून आत गेली. नळ सुरू झाला.

तिच्या टेबलावर नव्या रोपावरचा लेख होता. ती आणि तिची मैत्रीण मिळून लिहीत होत्या. पहिलं पान पालथं घातलेलं. रोपाला जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही, ही त्यांच्या संस्थेची जुनी रीत. पण लेख छापून यायला वर्ष उलटतं. म्हणून तिथले ग्रंथपाल अंथरुणाला खिळले, तेव्हाच मैत्रिणीने त्यांचं नाव एका गवताला देऊन टाकलं होतं. छापून आलं, तेव्हा ग्रंथपाल नव्हते. बाईचं नाव दिलं तर रोपाच्या लॅटिन नावाला शेवटी 'एई' लागतं, पुरुषाचं दिलं तर 'आय'. बायको त्याला नावाचं शेपूट म्हणायची.

त्याने पान उलटलं.

नाव ह्या नवराबायकोच्याच आडनावावरून होतं. त्या आडनावाची आता दोनच माणसं उरली होती.

अक्षरं डोळ्यांपुढे विरघळली. सोन्यासारखी बाई, आणि एकटीच सोसत होती सगळं. आत जाऊन तिला जवळ घ्यावं म्हणून तो उठला. बाहीने डोळे पुसले, आणि ते नाव पुन्हा एकदा, शेवटपर्यंत वाचलं.

शेवटी 'आय' होता.